आधी विमा, मग विमान

जे. आर. डी. टाटांनी १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, कराचीहून मुंबईपर्यंत एकट्याने विमान चालवत आणलं. विजयपत सिंघानिया २००५ मध्ये, ६७व्या वर्षी, बलूनमधून २१ किलोमीटर वर जाऊन आले. विमान शिकायचं मनात आल्यापासून ही दोन नावं मी घरात इतक्यांदा घेतली की शेवटी बायकोने विचारलं, "आणि त्यांच्या बायका काय म्हणाल्या?"

माझी शुगर हा आमच्या घरातला सार्वजनिक विषय आहे. बीपी मात्र माझं खासगी. पांढरा कोट दिसला की ते चढतं, कोट गेला की उतरतं. हौशी वैमानिक व्हायचं तर आपल्याकडे ‘क्लास टू’ वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर शिकाऊ परवानासुद्धा मिळत नाही. त्यासाठी गल्लीतला डॉक्टर चालत नाही, विमानवाहतूक खात्याच्या, म्हणजे डीजीसीएच्या यादीतलाच लागतो. म्हणून नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबाद गाठलं. ईसीजी झाला, कान झाले, डोळे झाले. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे तर मला सगळे दिसले. त्यातले काही तिथे नव्हते म्हणे. मग डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "घाबरू नका" म्हणाले. त्यांनी तसं म्हणेपर्यंत मी घाबरलो नव्हतो. कागदावर शेरा आला, ‘तात्पुरते अपात्र’. घरी मी त्यातलं ‘तात्पुरते’ तेवढं सांगितलं.

टेक्सासमधल्या भाच्याला कळलं तसा त्याचा फोन आला. "मामा, इकडे यायचं ना! छोट्या विमानाला इथे २००४ पासून गाडीचं लायसन्स चालतं. त्याहून मोठ्यांना २०१७ पासून साध्या फॅमिली डॉक्टरची सही पुरते, फक्त आधी कधीतरी पूर्ण तपासणीत पास झालेलं असावं लागतं."

माझा ऊर भरून आला. गाडीचं लायसन्स माझ्याकडे आहेच. चाळिशीनंतर त्याला डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. मला ज्यांनी तो दिला, त्यांनी माझे दोन्ही डोळे शाबूत असल्याचं मान वर न करता, फॉर्मकडे बघूनच ओळखलं होतं.

मग भाच्याने बारीक अक्षरातलं सांगितलं. ज्याने विमानाची तपासणी कधी दिलीच नाही, तो गाडीच्या लायसन्सवर उडू शकतो. देऊन नापास झाला, की तो रस्ता बंद. आता ज्या मुलखात परीक्षांचा लातूर पॅटर्न निघाला, तिथल्या माणसाला हे कसं पटावं? परीक्षेला बसलाच नाही तो आकाशात, आणि बसला तो खाली!

"आणि मामा, कायद्याने सोडलं तरी विमा कंपनी सोडत नाही. वय विचारते, एकूण तास विचारते, गेल्या वर्षातले विचारते, त्याच जातीच्या विमानावरचे विचारते. फार वय झालं की तपासणीचा कागदही मागते."

इथे मला युक्ती सुचली. कंपनीकडून आधी पॉलिसीच काढायची आणि ती सरकारपुढे ठेवायची. ज्यांचे पैसे बुडणार त्यांची हरकत नाही, तर तुमची का? बायकोची अटही तीच होती, आधी विमा, मग विमान. पुण्याकडच्या एका ओळखीच्या माणसाचं दोन आसनी मायक्रोलाइट विकायला निघालं होतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये होता. बाकी तयारी काय लागते?

मेहुणा लातूरला, गंजगोलाईजवळ बसून विम्याची कामं करतो. म्हैस, ट्रॅक्टर, सोयाबीन. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने त्याच्याकडे गेलो.

"विमान?" त्याने चहाचा कप खाली ठेवला. "दाजी, निलंग्याचं विसरलात का? २०१७ ला मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर तारंत गुतलं होतं. त्यांच्याकडं शिकलेला पायलट होता. तुमच्याकडं कोण हाय?"

"मीच."

"अक्काला माहिताय?"

"तिचीच अट आहे."

विमानाचा फॉर्म त्याच्याकडे नव्हता. अंदाज यावा म्हणून त्याने म्हशीचा काढला.

"वळखीची खूण?"

"पंखावर लाल पट्टा."

"मालकासंगट फोटो लागतो. आन् कानात बिल्ला." आम्ही दोघांनी मोबाइलमधलं विमान मोठं करून कान शोधला. "रात्री कुठं बांधणार?"

"पत्र्याच्या शेडमध्ये."

दुधाचा रकाना त्याने स्वतःहून खोडला. "नुकसान झालं तर ७२ तासांत कळवायचं बगा. पिकाला तसंच असायचं."

"पडल्यावर मी कळवायचं?"

"मग अक्का कळवंल."

शेवटी त्याने मुंबईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडच्या बाई फार अदबीने बोलत होत्या. "सर, पायलटचे एकूण तास?"

"सुरुवात व्हायची आहे."

"लायसन्स?"

"गाडीचं आहे."

"मेडिकल?"

"तात्पुरते," मी म्हणालो.

"तात्पुरते काय, सर?"

मेहुणा माझ्याकडे बघू लागला. बाईंनी तरीही नीट समजावलं. परवाना आणि मेडिकल दोन्ही चालू असणं ही पॉलिसीची अटच असते. यातलं एक जरी नसलं तरी विमानाचे पैसे गेले, शिवाय ज्याच्या घरावर पडेल त्याची भरपाईही आपल्याच खिशातून. "आणि सर, तुमची स्वतःची अपघात पॉलिसी असेल तर तीही एकदा बघून घ्या."

ती मेहुण्यानेच काढलेली. त्याने कपाटातून फाइल ओढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागला. विमानात प्रवासी म्हणून बसून मेलो तर पैसे मिळणार, स्वतः चालवताना मेलो तर नाही. इतकी वर्षं हप्ते गोळा करूनही ते कलम तो पहिल्यांदाच वाचत असावा, कारण ‘वगळून’ या शब्दापाशी तो दोनदा मागे गेला.

पण दाजींना रिकाम्या हाताने परत पाठवणारा तो नव्हे. निघताना त्याने माझा आरोग्य विम्याचा फॉर्म भरला. "पंचेचाळीसच्या पुढं जरा तपासणी असती. तुमाला कुठं जायचं काम नाही, माणूस घरी येतो."

माणूस सकाळी साडेसहाला आला. उपाशीपोटी रक्त घेतलं, दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा लिहून घेतला आणि पुन्हा गुंडाळला. बायको चहा घेऊन उभी होती.

"यात कालचं खाल्लेलं कळतं का हो?"

"एक तपासणी तीन महिन्यांची असते, मावशी. सगळं दिसतं."

"दिवाळी, कोजागरी, दसरा..." तिने बोटांवर मागे मोजायला सुरुवात केली.