सरांशी सोडून सगळ्यांशी

बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन बेलापुरात नाही, श्रीरामपुरात आहे. नवखा माणूस तिथे उतरतो आणि गाव शोधत बसतो. शाळेच्या संघाबद्दल आपल्या पालकांची तक्रार अशीच प्रवास करते. निघते सरांच्या नावाने, उतरते भलतीकडे: पोराच्या डोक्यावर, मामाच्या कानात, संस्थेच्या संचालकांच्या ओट्यावर, नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. सर बिचारे मैदानात फक्की मारत असतात. त्यांना बातमी सगळ्यांत शेवटी लागते.

कबड्डीचंच घ्या. संघात 12 पोरं, मैदानात 7. म्हणजे दर सामन्याला 5 घरांत रात्री निवड समिती बसते. अध्यक्ष बाबा, सचिव आई, निमंत्रित सदस्य शेजारचे काका. ठराव एकमताने मंजूर: सरांचा निवडलेल्या पोराच्या घराशी घरोबा आहे. ज्याच्यासाठी हे चाललंय तो पोरगा भाकरी कुस्करत असतो. तो कोपऱ्यात उभा राहतो तेव्हा पाय लवकर उचलतो, म्हणूनच बाहेर बसतो, हे त्याला ठाऊक असतं. पण त्याला विचारतो कोण?

उरलेल्या 7 जणांचे बाप मैदानाच्या कडेला. चढाई 30 सेकंदांची. तेवढ्यात सर ओरडतात "मागे ये", बाप ओरडतो "बोनस घे", मामा ओरडतो "सोडू नको त्याला". पोराच्या तोंडात कबड्डी-कबड्डी चालू असल्यामुळे त्याला उत्तर देता येत नाही. घरीही देता येत नाही, तो भाग वेगळा.

निकाल पटला नाही की काय करायचं, याचा नमुना मोठ्या माणसांनी आपल्याच जिल्ह्यात दाखवून ठेवला आहे. फेब्रुवारी 2025, अहिल्यानगरचं वाडिया पार्क, महाराष्ट्र केसरी. मॅटवरच्या लढतीत निर्णय विरुद्ध गेला म्हणून पैलवान शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली. 3 वर्षांची बंदी आली. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद लोक आजही घालतील, पण लाथेमुळे निर्णय बदलला नाही. पैलवानाला बंदी घालता येते. रेषेबाहेरून शिव्या घालणाऱ्या बापाला कोण घालणार?

अमेरिकेतल्या कित्येक शाळांत आणि क्लबांत एक दंडक असतो: सामना संपल्यावर 24 तास पालकांनी त्या सामन्याबद्दल प्रशिक्षकाशी बोलायचं नाही. आधी डोकं थंड होऊ द्या, मग या. आपल्याकडे 24 तासांत प्रकरण सरपंचांपर्यंत पोचलेलं असतं.

बाप कसा असावा, हा विषय निघाला की श्रीरामपूरच्या झहीर खानचा दाखला हमखास निघतो. वडील बख्तियार खान फोटोग्राफर. देशात इंजिनिअर भरपूर आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, अशा अर्थाचं ते पोराला म्हणाले, ही गोष्ट आपल्या पंचक्रोशीत पाठ आहे. गोष्ट इथेच थांबवायची पद्धत आहे. पुढे पोरगा मुंबईला नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांच्या हाताखाली गेला आणि गोलंदाजी नाईकांनी पाहिली, हा भाग आपण गाळतो. बापाचं वाक्य आपल्याला आवडतं, गुरूच्या हवाली करणं आवडत नाही.

मला मात्र दुसरा बाप आठवतो, कल्याणचा. जानेवारी 2016 मध्ये प्रणव धनावडे या शाळकरी पोराने एका डावात नाबाद 1009 धावा केल्या. वडील रिक्षाचालक. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिना 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे पोराचा सूर हरपला, तेव्हा 2017 मध्ये वडिलांनी असोसिएशनला कळवलं की शिष्यवृत्ती थांबवा, पुन्हा चांगला खेळला तर विचार करा. त्यातून पोराचं अपयश पुन्हा पेपरात आलं, हे मला रुचलं नाही. पण बोलायचं होतं ते ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलले, थेट. आणि येणारा पैसा नको म्हणाले! आपल्याकडे ट्रॅकसूटचे पैसे कुठे गेले, याचीच चौकशी दोन वर्षं चालते. तीही सरांना न विचारता.

सरांनाही सोडायचं कारण नाही. सरांचा निरोप असा असतो: "उद्या 6 ला हजर राहणे. डबा आणणे." कुठे, कशाने, परत कधी, याचा पत्ता नाही. निवड कशावर झाली, हे हंगामाच्या सुरुवातीला सांगायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं वाचवून सर वर्षभराचा संशय विकत घेतात. निवडणुकीची ड्यूटी, सर्वेक्षण, गणिताला देऊन टाकलेला पीटीचा तास, हे सगळं मान्य. तरी दहा मिनिटं निघतात. संचालकांच्या सत्काराला निघतात तशी.

आणि वर्षभर मैदान न पाहिलेले एक पालक दहावीच्या परीक्षेआधी नेमके उगवतात. खेळाडूंना जास्तीत जास्त 25 वाढीव गुण मिळतात, हे त्यांना कुठूनतरी कळलेलं असतं. "सर, आमच्या बंड्याचं नाव तेवढं कुठे बसतंय का बघा." सराव करताना "अभ्यास बुडतो" म्हणून ज्याला घरी नेला, तोच हा बंड्या.

भांडायची फारच हौस असेल तर जागा आहे. मुलींचा संघ जिल्ह्याला निघाला की सरांकडे जाऊन विचारा: बरोबर बाई कोण आहेत, गाडी कुणाची, कुणाला लागलं तर दवाखान्यात कोण नेणार, परत किती वाजता? उत्तर मिळालं नाही, तर खुशाल आवाज चढवा. त्या दिवशी मीही तुमच्याबरोबर येतो.