खरखर

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये माझ्याहून वयानं मोठी अशी एकच वस्तू आहे: वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. आत्या या भागाला अजून हिंगणे बुद्रुकच म्हणते. ती वस्तूंत धरलेली नाही.

मागचा पुठ्ठा काढला तर आत पोस्टातलं लायसन्सचं पुस्तक आणि झुरळांचा वाडा. तेव्हा रेडिओ ऐकायला वर्षाला १५ रुपये भरावे लागत. म्हणूनच वडील बाजारभावसुद्धा शेवटपर्यंत ऐकत असावेत. पैसे वसूल नकोत व्हायला?

सेट मुका होता. चारही व्हॉल्व्हची फिलामेंटं गणपतीच्या माळेसारखी एकापाठोपाठ जोडलेली. एक गेला की सगळेच डोळे मिटतात आणि नेमका कोण गेला हे कुणी कबूल करत नाही. सोसायटीच्या मीटिंगांचा अनुभव कामी आला. मीटर लावून एकेकाची उलटतपासणी घेतली. यूसीएच ८१ निर्दोष, यूबीएफ ८९ निर्दोष. सापडला तो यूएल ८४, म्हणजे स्पीकर बोलका करणारा. जुन्या बाजारात त्याचा जोडीदार मिळाला. विकणारा त्याला 'बल्ब' म्हणत होता, किंमत मात्र झुंबराची सांगत होता.

सेट लावला. आत तांबूस उजेड पसरला आणि भुंगा सुरू झाला. घूंऽऽ! फिल्टरचा कंडेन्सर सुकलेला. तापकीर गल्लीतून ४५० व्होल्टचा नवा आणून बसवला.

अशा सेटला मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की फेज थेट चासीवर येते. हे मी वाचलेलं होतं. नॉबचा स्क्रू उघडा पडलाय, हे मात्र बोटाला कळलं.

"काय म्हणाला हो रेडिओ?" आतून बायकोचा आवाज.

शेवटी काटा ७९२ वर नेला. १९५३पासून बोलणारं पुणे केंद्र लागलं खरं, पण शेंगदाणे भाजत असल्यासारखं. हार मानून एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांना बोलावलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर बाहेरसुद्धा काढला नाही. एलईडी दिवे घालवले, मोबाईलचा चार्जर उपटला, राउटर बंद केला. खरखर गेली.

"सेट चांगलाय," काका म्हणाले, "घर खरखरतंय तुमचं."

आता बातम्यांना आम्ही अंधारात बसतो. समोरच्या काकू टॉर्च घेऊन दारात येतात, "तुमच्याकडचीपण गेली का हो?"