कृष्णाकाठचे सरखेल

साताऱ्याला समुद्र नाही. तरीही 1714 साली साताऱ्याच्या गादीनं, बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं, कान्होजी आंग्र्यांच्या सरखेलपदावर, म्हणजे आरमारप्रमुखपदावर, शिक्कामोर्तब केलं. डोंगराच्या अलीकडे बसून दर्याचा कारभार बघण्याची या मुलखाला तेव्हापासूनची खोड आहे. हल्ली ती काही मोजक्या घरांच्या दिवाणखान्यात उरली आहे. तिथे काचेच्या टाकीत खारं पाणी असतं, पाण्यात दगड असतात, दगडांवर डोलणारे मऊ प्रवाळ असतात आणि टाकीसमोर प्लास्टिकच्या स्टुलावर एक गृहस्थ बसलेले असतात. त्यांना आम्ही सरखेल म्हणतो.

सरखेल ओळखायला सोपे. इतरांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात पाण्याचा खारेपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी. उजव्या बाहीवर कोपरापर्यंत मिठाची पांढरी रेघ. घरच्या फ्रीजरमध्ये श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सोडून काहीही निघतं. एका पाहुण्यानं तो डबा विश्वासानं उघडला होता, आत गोठवलेली बारीक कोळंबी होती. तेव्हापासून त्या घरी पाहुणे चहावर भागवतात.

टाकी बघायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. पहिला, "ह्यातला खायचा कुठला?" दुसरा, "मीठच लागतंय ना? मग खडेमीठ टाका की, पोत्यानं मिळतंय." या दुसऱ्या प्रश्नावर सरखेल डोळे मिटतात. मग शांतपणे सुरुवात करतात. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे 340 लिटर. समुद्राच्या एका लिटरमागे 35 ग्रॅम क्षार, म्हणजे एका भरणीला बारा किलो. त्यात नुसतं मीठ नाही, कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे. पाणी उडून जातं पण मीठ मागेच राहतं, म्हणून रोज वरून घालायचं ते गोडं आणि गाळलेलं पाणी. नळाचं चालत नाही. विचारणारा एव्हाना चपला घालत असतो. सरखेल त्याच्यामागे फाटकापर्यंत जातात आणि मॅग्नेशियम पूर्ण करतात.

नातेवाईक मालवणला निघाले की प्रेमानं विचारतात, "येताना चार पोवळी आणू का?" सरखेल कानांवर हात ठेवतात. मालवणचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे आणि सगळे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. "दगड काय, दगडच की," असं म्हणणाऱ्या मेहुण्याला त्यांनी एकदा तो कायदा कलमासकट वाचून दाखवला. मेहुणा तेव्हापासून गोव्याला जातो.

सरखेल सांगलीच्या गावभागातले, पण साताऱ्यातही त्यांचा एक जोडीदार आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्याची तीन फुटी टाकी. तिथली हवा थंड, त्यामुळे पाणी गार ठेवायचं यंत्र त्याला उन्हाळ्याचे दोन महिने सोडले तर लागत नाही, आणि ही गोष्ट तो दर फोनला सांगतो. पाणी बराच काळ तापलं की प्रवाळ आपल्या पेशीत राहणारं, त्यालाच अन्न पुरवणारं शेवाळ बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. सांगलीच्या एप्रिलमध्ये सरखेल स्वतः पंख्याविना बसतात, पंखा टाकीवर असतो. वहिनी एकदा म्हणाल्या, "आमचाबी रंग उडालाय, बघा जरा." सरखेलांनी थर्मामीटर बघितलं.

पावसाळ्यात मात्र दोघांच्या बोलण्यातून मासे गायब होतात. "कोयना किती?" "नव्वद टीएमसी." "विसर्ग?" "दरवाजे उचलल्यात." साताऱ्याचा माणूस हे जरा अपराधीपणानं सांगतो, कारण त्याच्या जिल्ह्यातलं पाणी कऱ्हाडच्या संगमावरून थेट सरखेलांच्या गावभागात येतं. सांगलीकराला पूर नवा नाही. आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. 2005 साली पाणी 53 फुटांवर गेलं, 2019 च्या ऑगस्टात 57 फुटांवर. कोयनेत 105 टीएमसी पाणी मावतं, सरखेलांच्या टाकीत 340 लिटर. सामना बरोबरीचा नव्हता.

त्या ऑगस्टात लोकांनी माडीवर गॅसची टाकी नेली, सातबारे नेले, लग्नातले शालू नेले. सरखेलांनी दोन बादल्या नेल्या. एकीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउन मासे, दुसरीत प्रवाळाचे चार तुकडे, आणि दोन्हींत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. वीज गेलेली. पुराचं गोडं पाणी जिना चढू लागलं तशी बचावाची बोट आली. बादली बघून बोटीतल्या जवानानं विचारलं, "यात काय?" "मासे." जवानानं चहूकडे पसरलेल्या कृष्णेकडे नुसता हात केला. खाऱ्या पाण्यातला मासा गोड्या पाण्यात का जगत नाही, हे सरखेल त्याला समजावू लागले तेव्हा वहिनींनी त्यांना दंडाला धरून बोटीत बसवलं. बादली मांडीवर.

पाणी ओसरल्यावर दार उघडलं. खालच्या मजल्यावर घोटाभर गाळ. फळीचं कपाट फुगून फुटलेलं, टीव्ही पालथा. टाकी मात्र शाबूत. आत आणि बाहेर सारखंच पाणी चढल्यामुळे काचेवर दाबच आला नव्हता, हे सरखेलांनी त्या अवस्थेतही सगळ्यांना सांगितलं. टाकीत तळाला वीतभर गाळ, वर चहाच्या रंगाचं पाणी, आणि त्या पाण्यात एक चिलापी आरामात फिरत होती. एवढी महागडी टाकी, आणि तिच्यात कृष्णेनं फुकट सोडलेला मासा! शेजारचे अण्णा वाकून बघत म्हणाले, "हिचं कालवण झ्याक होतंय." सरखेल हसले नाहीत, रडले नाहीत. खिशातली नळी काढून त्यांनी त्या पाण्याचा खारेपणा मोजला. शून्य. नंतर लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि पाणी उपसायला मग घेतला.

इथून पुढे खरे सरखेल दिसले. पुरानंतर सगळं गाव घर धूत होतं, पण आनंदानं धुणारा माणूस तो एकच होता. सिलिकॉनचे सांधे तपासले. काचेवरचे डाग व्हिनेगरनं काढले. दगडांच्या भोकाभोकांतला गाळ जुन्या टूथब्रशनं उकरला. ऊन पडल्यावर ते दगड गच्चीवर वाळत घातले, एकीकडे वहिनींच्या भिजलेल्या गाद्या, दुसरीकडे हे. नवी जागा माडीवर ठरली. पाणी, दगड, काच, लोखंडी स्टँड मिळून अर्धा टन वजन भरतं म्हणून इंजिनिअरला बोलावून बीम कुठून गेलाय ते विचारून घेतलं. गावभागातल्या भिंतींवर लोक पुराच्या रेघा मारून ठेवतात. सरखेलांनी 2019 च्या रेघेपासून स्टँडच्या पायापर्यंतचं अंतर टेपनं मोजलं आणि समाधानानं मान हलवली. 2021 ला पाणी पुन्हा 55 फुटांच्या आसपास आलं तेव्हा माडीवर टाकी कोरडी होती, म्हणजे बाहेरून.

वाळलेल्या दगडात जीव नसतो. तो साताऱ्याहून आला. जोडीदारानं आपल्या टाकीतले चार दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बादलीत घातले आणि सांगलीच्या एसटीत बसला. कंडक्टर म्हणाला, "काय हाय बादलीत?" "दगड." "दगड सातारहून सांगलीला?" "जिवंत हायत." कंडक्टरनं त्याच्याकडे नीट बघितलं आणि पेठ नाका येईपर्यंत दुसरा प्रश्न विचारला नाही.

त्या दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. माशांच्या मलमूत्रातून आणि सडलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते मासा बऱ्यापैकी सोसतो. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर तिला जेवायला घालावं लागतं. म्हणून सरखेलांनी मिरजेहून एक कोळंबी आणून टाकीत सडायला सोडली. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. खाली वहिनींचा घट मांडलेला, सवाष्णी हळदीकुंकवाला आलेल्या, आणि जिन्यावरून वास उतरू लागलेला. एक सवाष्ण म्हणाली, "काहीतरी मेलंय का हो?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मेलंय ते मेलंय. त्याच्यामुळं काहीतरी जगणार हाय, असं म्हणतात."

ज्या माणसाला चहाला पाच मिनिटं उशीर खपत नाही, तो सहा आठवडे रिकाम्या टाकीसमोर बसला. आधी काचेवर तपकिरी थर आला, मग हिरव्या केसांचं शेवाळ आलं, मग गोगलगाई आणल्या आणि शेवाळ गेलं. प्रत्येक थराची बातमी साताऱ्याला गेली. बघायला येणारे म्हणायचे, "मासं कुठायत?" सरखेल म्हणायचे, "अजून पाणीच व्हायचंय."

नात्यातल्या एका घरी तात्पुरती ठेवलेली क्लाउनची जोडी परत आली, पण त्यातला मोठा मासा, म्हणजे मादी, महिन्याभरात गेली. क्लाउन जन्मतः सगळे नरच असतात. जोडीतली मादी गेली की मागे राहिलेला नर हळूहळू मादी होतो. सरखेल हे सांगत असताना वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "घरात बाई नसली की बाप्यानं तिची कामं उचलायची, येवढं माशाला कळतं." त्या रात्री सरखेलांनी भांडी घासली. दुसऱ्या रात्री ते पुन्हा नर झाले.

वर्षभरात टाकी अशी बहरली की साताऱ्याचा जोडीदार हवेचा विषय काढेनासा झाला. पाणी 25 अंशांवर, खारेपणा 35 वर, प्रवाळाला नवे फुटवे. आणि सरखेल कोमेजले. स्टुलावर बसायचे, नळी काढायचे, आकडा बघायचे, आत ठेवायचे. आकडा कालचाच. जेवणावरून वासना उडाली. आम्हाला वाटलं बीपी असेल. डॉक्टरांनाही तसंच वाटलं. वहिनींना मात्र खरं कारण ठाऊक होतं: ह्या माणसाला समुद्र नको असतो, समुद्र उभा करायचं काम हवं असतं. सगळं जागच्या जागी आलं की त्याला करण्यासारखं काही उरत नाही.

अशा एका रविवारी पहाटे साताऱ्याहून फोन आला. रात्रीत टाकीचा सांधा सुटला होता, सगळा समुद्र दिवाणखान्यातून जिन्यानं खाली गेला होता, मासे टबात होते आणि जोडीदाराचा आवाज रडका होता. सरखेल ताडकन उठले. बादली काढली, चार दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळले, सिलिकॉनची नळी घेतली, टूथब्रश घेतला. किती दिवसांनी ते शीळ घालत होते. दारापर्यंत गेल्यावर वहिनींनी हाक मारली.

"अहो, दुःखाच्या घरी चाललाय. तोंड जरा पाडून जावा."