सीबाची दोन गाढवे

चहाडखोर मनुष्य रिकाम्या हाताने येत नाही, हे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या कर्त्याने 16व्या अध्यायात मोठ्या कारकुनी काटेकोरपणे नोंदवून ठेवले आहे. पुत्र अबशालोमाच्या बंडामुळे यरुशलेम सोडून अनवाणी निघालेल्या दावीद राजास डोंगरमाथ्यापलीकडे सीबा नावाचा कारभारी सामोरा आला, तो खोगीर घातलेली दोन गाढवे, 200 भाकरी, मनुकांचे 100 घड आणि द्राक्षारसाचा बुधला घेऊन. आणि ‘तुझा धनी कोठे?’ असे विचारताच, मफीबोशेथ आजोबांच्या गादीची वाट पाहत राजधानीतच बसला आहे, एवढेच त्याने, बहुधा आवाज खाली आणून, सांगितले. हा मफीबोशेथ म्हणजे दावीदाचा प्राणसखा योनाथान याचा दोन्ही पायांनी अधू पुत्र. मैत्रीच्या शपथेखातर राजाने त्याला नित्य आपल्या पंक्तीस बसविलेला. पण ना चौकशी, ना कैफियत. उभ्याउभ्याच हुकूम सुटला आणि सारी मिळकत सीबाच्या नावे चढली. (भाकरी ताज्या असाव्यात.)

बंड मोडल्यावर मफीबोशेथ भेटीस आला, तेव्हा दाढी अस्ताव्यस्त, आणि वस्त्रे राजा गेला त्या दिवसापासून न धुतलेली. नोकरानेच दगा दिला, अशी त्याची फिर्याद. न्यायी राजाने जमीन दोघांत वाटून देऊन प्रकरण दप्तरी दाखल केले. ‘काहीतरी असल्याखेरीज का लोक बोलतात?’ या आपल्या नित्याच्या निवाड्याचे हे बहुधा आद्य राजपत्र. सारीच त्याला घेऊ द्या, असे मफीबोशेथ म्हणाला. 15 मुलगे आणि 20 चाकर पदरी असलेल्या सीबाने त्यावर ‘नको’ म्हटल्याची नोंद मात्र आढळत नाही.