हयात नेत्याचे चरित्र सामुदायिक पद्धतीने कसे लिहावे

हयात राजकीय नेत्याचे चरित्र विकिपीडियावर लिहिण्यासाठी किमान दोन माणसे लागतात: एक नेत्याला मानणारा आणि एक न मानणारा. पहिला एकटाच असेल तर वाढदिवसाची पुरवणी तयार होते, दुसरा एकटाच असेल तर आरोपपत्र. दोघे एकाच वेळी लिहू लागले की चरित्र आकार घेते. तिसरा माणूस आपोआप येतो. त्याला नेत्याशी काही देणेघेणे नसते; 'मंत्रिमंडळ' हा शब्द कोणी दीर्घ लिहिला की त्याला चैन पडत नाही, एवढेच. मानधन कोणालाच नाही, त्यामुळे कोणाला कामावरून काढताही येत नाही, ही या पद्धतीतली मोठी अडचण समजावी.

छापील कोशांची रीत निराळी होती. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते, म्हणजे चूक सापडली तर पत्र कोणाच्या नावाने टाकायचे ते कळते. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या आणि १ मे २००३ रोजी मराठीत आलेल्या विकिपीडियाच्या लेखाखाली कोणाचेच नाव नसते. त्याऐवजी प्रत्येक पानाला एक 'इतिहास' जोडलेला असतो. तो उघडला की कोणत्या सदस्याने कोणत्या मिनिटाला कोणता स्वल्पविराम काढला आणि कोणी तो परत घातला, हे सगळे दिसते. नवशिक्या संपादकाने लेखाच्या आधी इतिहास वाचावा. लेखात नेत्याचे चरित्र असते, इतिहासात कार्यकर्त्यांचे.

लेखाची सुरुवात नावापासून करावी, आणि नावावरच पहिले दोन महिने घालवायची तयारी ठेवावी. नेत्याचे नाव म्हणजे फलकावरचे नाव नव्हे. 'मा.', 'ना.', 'श्री.', 'साहेब', 'दादा', 'भाऊ', 'ताई' ही सगळी आभूषणे उतरवून ठेवावीत. 'कार्यसम्राट', 'लोकनेते' आणि 'विकासपुरुष' यांची तर लेखाच्या दारातच झडती घ्यावी. ती काढली की पाच मिनिटांत परत येतात. पुन्हा काढावीत. अमेरिकेत आभूषणांचा प्रश्न नाही, पण नावाचा आहेच. हिलरी क्लिंटन यांच्या लेखाला 'हिलरी रॉडम क्लिंटन' म्हणायचे की मधले माहेरचे नाव गाळायचे, यावर इंग्रजी विकिपीडियावर वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा चर्चा भरल्या आणि २०१५ मध्ये 'रॉडम' शीर्षकातून गेले. या काळात त्या स्वतः परराष्ट्रमंत्री होऊन पायउतारही झाल्या होत्या.

नावानंतर उजव्या बाजूची माहितीची चौकट. ही सर्वांत सोपी वाटते, कारण तिथे फक्त तारखा लिहायच्या असतात. देवेंद्र फडणवीस यांची चौकट भरायला बसावे म्हणजे सोपेपणा कळतो. मुख्यमंत्रिपदाची पहिली शपथ ३१ ऑक्टोबर २०१४, इथपर्यंत एकमत. ती कारकीर्द संपली कधी? राजीनामा ८ नोव्हेंबर २०१९चा, पण राष्ट्रपती राजवट लागली १२ नोव्हेंबरला. मग २३ नोव्हेंबरची सकाळची शपथ. तिचा शेवट राजीनाम्याच्या दिवशी, म्हणजे २६ तारखेला धरायचा, की उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला त्या २८ तारखेला? पुढे ३० जून २०२२ रोजी उपमुख्यमंत्रिपद आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा मुख्यमंत्रिपद. म्हणजे एकाच माणसाला चौकटीत तीनदा 'मागील', दोनदा 'पुढील' आणि एकदा खालच्या पायरीवर उभे करावे लागते. चौकटीचा साचा ज्या कोणी बनवला, त्याने मुख्यमंत्री एकदा होतो आणि मग निवृत्त होतो असे गृहीत धरलेले दिसते.

'पक्ष' हा रकाना महाराष्ट्रापुरता पेन्सिलने भरावा. २०२२च्या जूननंतर शिवसेनेच्या कोणत्याही आमदाराच्या चौकटीत काय लिहायचे, याचे उत्तर निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी दिले. राष्ट्रवादी काँग्रेसचे उत्तर ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आले. तोवर संपादकांनी काय करावे? आयोगाची वाट पाहावी, असे नियम सांगतो. वाट कोणी पाहत नाही, असे इतिहास सांगतो.

छायाचित्राबद्दल थोडक्यात. ते प्रताधिकारमुक्त किंवा खुल्या परवान्याचे हवे, आणि नेत्याच्या हजारो फलकांवरचे देखणे छायाचित्र नेमके तसे नसते. उरते ते सरकारी समारंभातले. त्यात नेता कोणाला तरी पुष्पगुच्छ देत असतो. दुसऱ्या माणसाला कातरून टाकावे. गुच्छाची दोन पाने आणि परका अंगठा राहिला तर चालतो.

आता मुख्य मजकूर. प्रत्येक विधानाला विश्वासार्ह संदर्भ द्यावा. न दिल्यास तिसरा माणूस येऊन चौकटी कंसात 'संदर्भ हवा' अशी पाटी लावून जातो. नेत्याच्या गावातल्या सर्वांना ठाऊक आहे, हा संदर्भ होत नाही. नेत्याने स्वतः सांगितले, हाही होत नाही. वर्तमानपत्राची बातमी चालते. त्याच वर्तमानपत्राची जाहिरातदारांच्या शुभेच्छांनी भरलेली वाढदिवस पुरवणी चालत नाही. मात्र वर्तमानपत्राने ती बातमी कुठून घेतली हे पाहणे ही पुढची पायरी आहे, आणि ती बहुतेक जण गाळतात. जर्मनीत ती गाळल्याने काय झाले ते या विषयाच्या अभ्यासक्रमात सक्तीचे असावे. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे तिथले अर्थमंत्री होणार असे कळले. सरदार घराण्यातले असल्याने त्यांना एकामागून एक अशी दहा पाळण्यातली नावे होती. कोणा अनामिकाने जर्मन विकिपीडियावर त्या माळेत 'विल्हेल्म' हे अकरावे नाव ओवले. दुसऱ्या दिवशी 'बिल्ड' या खपाच्या वर्तमानपत्राने ती सगळी नावे पहिल्या पानावर छापली, विल्हेल्मसकट. इतरांनीही छापली. विकिपीडियावर एखाद्या सावध संपादकाने पुरावा मागितला, तेव्हा पुरावा तयार होता: 'श्पीगेल ऑनलाइन'ने तसे लिहिले होते. अशा रीतीने पाळण्यात न ठेवलेले नाव संदर्भासह सिद्ध झाले. त्याच गुटेनबर्ग यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधातली उसनवारी २०११ मध्ये दुसऱ्या एका विकीवर अनोळखी लोकांनी पान-पान वाटून घेऊन शोधली आणि त्यांना १ मार्च २०११ रोजी संरक्षणमंत्रिपद सोडावे लागले. सामुदायिक संपादनाचे दोन्ही प्रयोग एकाच माणसावर झाल्याचे हे उदाहरण सहसा सापडत नाही.

संदर्भ असला तरी क्रियापद उरतेच. मराठीत तर एका कान्यावर आठवडा जातो. १९७८ साली वसंतदादा पाटील यांचे सरकार 'पडले' असे लिहिले तर एक बाजू म्हणते, ते आपोआप पडले काय? 'पाडले' असे लिहिले तर दुसरी बाजू म्हणते, पुरावा द्या. पाठीतल्या खंजिराचा उल्लेख करू पाहणारा एक जण असतोच. त्याला धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, पाठवावे आणि तिथे मनसोक्त लिहू द्यावे. अखेरीस टिकणारे वाक्य असे असते: 'जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ सत्तेवरून गेले आणि १८ जुलै रोजी शरद पवार मुख्यमंत्री झाले.' हे वाक्य कोणालाच आवडत नाही. वाक्य पक्के झाल्याची हीच खूण आहे. विकिपीडियावरची राजकीय चरित्रे नीरस वाटतात अशी तक्रार वाचक करतात. ती नीरसता कमावलेली असते आणि तिच्यासाठी कोणाचे तरी रविवार गेलेले असतात.

'वाद आणि टीका' असा वेगळा विभाग काढण्याचा मोह आवरावा. एकदा तो विभाग निघाला की विरोधक तिथेच वस्तीला येतात आणि समर्थक बरोबरीसाठी 'सामाजिक कार्य' नावाचा विभाग काढून त्यात रक्तदान शिबिरे भरतात. आरोप ज्या वर्षीचा, त्या वर्षीच्या परिच्छेदात लिहावा, आणि त्याचे पुढे काय झाले तेही लिहावे. गुन्हा दाखल झाल्याची बातमी पहिल्या पानावर येते, निर्दोष सुटल्याची सातव्या पानाच्या तळाशी. दुसरी शोधून काढणे हे संपादकाचे खरे काम. ही थट्टेची बाब नाही हे २००५ मध्ये कळले. जॉन सीगेनथेलर हे अमेरिकी पत्रकार एके काळी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक होते. दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्यांत त्यांचा हात असल्याचा संशय होता, असे कोणीतरी गंमत म्हणून लिहिले आणि ते चार महिने तसेच राहिले. ज्याने रॉबर्ट केनेडींच्या शवपेटीला खांदा दिला, त्याच्याबद्दल हे लिहिलेले होते. सीगेनथेलर यांनी 'यूएसए टुडे'त लेख लिहून दाद मागितली. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवे लेख सुरू करण्याची बंदी झाली आणि हयात व्यक्तींसाठी कडक नियम आले. त्यांचा गाभा असा, की हयात माणसाबद्दलचे बिनपुराव्याचे वाईट विधान चर्चेला न ठेवता तत्काळ काढावे. पाटी लावत बसू नये.

मतभेद झाल्यास चर्चा पानावर जावे. तिथे बोलण्याच्या शेवटी सही करावी, समोरच्याचा हेतू चांगला आहे असे धरून चालावे आणि ते तोंडावर लिहूनही दाखवावे. 'आपल्या सद्हेतूबद्दल शंका नाही, परंतु' या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये चर्चा पानावर फार आढळतात आणि 'परंतु'नंतर काय येते ते मराठी माणसाला सांगायला नको. चर्चा न करता एकमेकांचे लेखन उलटवत बसल्यास इंग्रजी विकिपीडियावर तीनचा नियम लागतो: एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्या सदस्याला बंदी होऊ शकते. म्हणून अनुभवी मंडळी तीनदा उलटवून जेवायला जातात. (नियमात हेही लिहिले आहे की तीन हा हक्क नव्हे. तो भाग जेवणानंतर वाचतात.) दुसऱ्या खात्यातून येऊन स्वतःलाच पाठिंबा देणे निषिद्ध आहे, आणि शुद्धलेखनाच्या त्याच चुका पाच 'कार्यकर्त्यां'च्या हातून झाल्या की प्रचालकाला फार शोधावे लागत नाही.

चर्चेतून निष्पन्न झालेले विसरू नये म्हणून लिहून ठेवावे. डोनाल्ड ट्रम्प यांच्या इंग्रजी लेखाच्या चर्चा पानावर ठरलेल्या बाबींची क्रमांकवार यादीच लावलेली आहे आणि ती पन्नासच्या पुढे गेलेली आहे. छायाचित्र कोणते वापरायचे इथपासून तीत सगळे आहे. लेखाने स्वतःच्या तोंडाने त्यांना खोटारडे म्हणायचे नाही, मात्र त्यांची असत्य विधाने असत्य म्हणून नोंदवता येतील, हेही एका कलमात ठरले. एवढी स्पष्ट आचारसंहिता पुष्कळ पक्षांपाशी नसेल.

निवडणूक जवळ आली की चौथ्या प्रकारचा संपादक येतो: नेत्याच्या कार्यालयातला. तो सर्वांत सभ्य असतो आणि त्याची भाषा शुद्ध असते. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी मार्टी मीहान यांनी चारपेक्षा जास्त वेळा पद भोगणार नाही असे वचन दिले होते. सातव्या खेपेला त्यांच्या कार्यालयाने लेखातून ते वचन काढून टाकले आणि जागी आपले अधिकृत चरित्र ठेवले. जानेवारी २००६ मध्ये स्थानिक वर्तमानपत्राने हे उघड केले. वचन तर लेखात परत आलेच, ते काढल्याची हकीकतही कोशात दाखल झाली. सारा पेलिन यांच्या बाबतीत काम अधिक नेटके होते: २९ ऑगस्ट २००८ रोजी त्यांची उपाध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर झाली, आणि आदल्या दिवशी एका नव्या सदस्याने त्यांच्या लेखात तीसेक सुधारणा करून तो गुळगुळीत करून ठेवला होता. सदस्याच्या नावात त्यांच्या तान्ह्या मुलाचे नाव होते. कार्यालयातल्या संपादकाने खरे तर चर्चा पानावर आपली ओळख सांगून बदल सुचवावेत, अशी रीत आहे. ती पाळणारेही असतात. त्यांच्या बातम्या होत नाहीत.

उपद्रव हाताबाहेर गेल्यास लेख अर्धसुरक्षित करावा, म्हणजे अनामिकांना आणि कालच आलेल्यांना तो बदलता येत नाही. इंग्रजी विकिपीडियावर ही सोय २००५च्या डिसेंबरात आली, आणि तिची गरज कोणाच्या लेखाने पटवून दिली असे विचारल्यास जॉर्ज बुश यांचे नाव आधी घ्यावे लागते.

शेवटचे संपादन म्हणजे 'आहेत'चे 'होते' करणे. हे करण्याचा मान पहिल्याला मिळतो, म्हणून इथे फार घाई होते. २० जानेवारी २००९ रोजी ओबामांच्या शपथविधीनंतरच्या भोजनात सिनेटर एडवर्ड केनेडी यांना झटका आला आणि वृद्ध सिनेटर रॉबर्ट बर्डही तिथून उठून गेले. विकिपीडियावर काही मिनिटे दोघेही दिवंगत झाले होते. संपादकांनी दोघांना परत जिवंत केले. केनेडी पुढे सात महिने आणि बर्ड सतरा महिने जगले, आणि दोघेही शेवटपर्यंत सिनेटर म्हणूनच.