मा. घसारासाहेबांस, पोलादपूरहून

प्रति,
श्रीमान वेगवर्धित घसारासाहेब,
आयकर कायदा, मुक्काम दिल्ली.



आपली ओळख महाडच्या बाजारपेठेत एका सीएच्या हपिसात झाली. भिंतीवर २०२१ च्या पुराची रेघ अजून आहे, तिच्याखाली टेबल. घरावर सोलर बसवायचं म्हणून सल्ला विचारायला गेलो होतो. सीएसाहेब म्हणाले, "सरकार मोठी सवलत देतं," आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

त्यांचा हिशेब असा: कारखान्यानं छपरावर एक कोटीचं सोलर बसवलं, तर पहिल्या वर्षी ४० टक्के घसारा, म्हणजे ४० लाख नफ्यातून वजा. दुसऱ्या वर्षी उरलेल्या साठाचे २४, तिसऱ्या वर्षी १४ लाख ४० हजार. तीन वर्षांत ७८ लाख ४० हजार रुपये कागदावर झिजले. पॅनल मात्र वीसेक वर्षं ठणठणीत! पहिल्या वर्षात १८० दिवसांहून कमी चाललं तर त्या वर्षी घसारा निम्मा, म्हणून सप्टेंबरअखेर सगळी धावपळ. पॅनलवर धड ऊन पडायच्या आत वहीत घसारा पडलेला असतो.

"मला किती?" मी विचारलं.
"उत्पन्न काय?"
"भात आणि नाचणी."
"शेतीचं उत्पन्न करमुक्त. करच नाही, तर वजा कशातून करू? आणि घर म्हणजे काही धंदा नव्हे."

सूर्य सगळ्यांना सारखा, असं आम्ही समजत होतो. आपण मात्र पॅन कार्ड बघून उगवता.

तरी साहेब, घसारा या विषयात आमचा महाड-पोलादपूरचा भाग आपला गुरू ठरावा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. वरंध घाट, आंबेनळी घाट दर पावसाळ्यात झिजतात, बांध वाहून जातो, कौलं फुटतात. यातलं काही आम्हाला कशातून वजा करता येत नाही. जुलै २०२१ मध्ये तळिये, केवनाळे, सुतारवाडी या वस्त्यांवर दरड कोसळली, त्यावर मात्र विनोद करवत नाही.

आपला पूर्वेतिहासही सीएसाहेबांनी सांगितला. घाटापलीकडे साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या वाऱ्याइतक्याच आपल्या कृपेनं. तेव्हा आपला दर भलताच मोठा होता. २०१२ मध्ये पवनचक्क्यांवरून आपण अंतर्धान पावलात आणि नव्या चक्क्यांचा वेग मंदावला. २०१४ मध्ये ८० टक्क्यांनी परतलात, २०१७ पासून ४० वर आलात. वारा तोच होता, पठारही तेच. गुंतवणूकदार वाऱ्याकडे कमी आणि आपल्याकडे जास्त बघत होते, एवढाच त्याचा अर्थ.

कृतघ्न होऊ नये. फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि ते मिळायला कर भरावा लागत नाही. आकडा बघून गंमत वाटली: तिथं ७८ लाख, इथं ७८ हजार. तुलना सरळ नाही, हे कळतं. तिकडचे लाख नफ्यातून वजा होतात, २५ टक्के दरानं कर वाचतो तो साडेएकोणीस लाखांच्या आसपास, आणि तोही पुढच्या वर्षांतला आधी मिळतो इतकंच. पण इथं आधी खिशातले किंवा कर्जाचे पैसे घालायचे, मग अनुदानाची वाट बघायची. त्यात कौलारू छपराला लोखंडी सांगाडा हवा, तो वेगळाच.

तेव्हा दोनच विनंत्या. कारखान्यांची सवलत खुशाल चालू ठेवा. पण जी सवलत कर भरणाऱ्यालाच लागू पडते, तिला हरित धोरण म्हणताना खाली बारीक अक्षरात 'करदात्यांसाठी' असं लिहा. आणि वाड्यांवरच्या शाळांना पॅनलबरोबर बॅटरी द्या.

आपला,
एक करमुक्त शेतकरी

ता. क. : बॅटरी का, ते सांगायचं राहिलं. परवा झाड पडून तार तुटली. शेजाऱ्याच्या छपरावर पॅनल आहेत, ऊनही होतं, पण घरात अंधार. लाइनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून लाइनला जोडलेलं सोलर लाइन गेली की आपोआप बंद होतं. बॅटरी नसेल तर पुराच्या रात्रीच काय, दिवसाही त्याचा उपयोग नाही.