बंद घरासाठी चोरघंटा कशी निवडावी

महाड-पोलादपूरकडच्या घरासाठी चोरघंटा घेण्याआधी एवढंच ठरवावं: ती वाजली तर ऐकणार कोण? मालक मुंबईला. घर उघडतं गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. एरवी बाहेरून कुलूप, म्हणजे आत कोणी नाही ही जाहिरात आपणच लावलेली.

स्वस्तात स्वस्त प्रकार चुंबकाचा. एक तुकडा चौकटीला, एक दाराला. दोघांची ताटातूट झाली की भोंगा. यंत्र प्रामाणिक आहे, पण चोरानं दारातूनच यावं अशी त्याची अपेक्षा असते. कौलारू घरात चोर चार कौलं सरकवून वाशांमधून उतरतो आणि भरल्या हातानं आतून मागची कडी काढून निघतो. भोंगा वाजतो तो निरोपाचा.

दुसरा प्रकार अंगाची हलती ऊब टिपणारा. चोर, बोका आणि माकड यांना तो समान वागणूक देतो. मे महिन्यात खोलीच अंगाइतकी तापली की चोर आणि भिंत यांतला फरक त्याला नीटसा कळत नाही. मोबाइलवर कळवणारा प्रकार उत्तम, फक्त आतल्या सिमला रेंज हवी, आणि घाटाखालच्या वाड्यांत ती खळ्याच्या एका कोपऱ्यातच येते. घर महाडच्या बाजारपेठेत असेल तर मुख्य पेटी माळ्यावरच बसवा. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी या नद्या कुलूप न तोडताच घराघरांत शिरल्या होत्या.

पण यंत्राआधी कच्ची जागा शोधावी. रायगडाचे दरवाजे बंद असताना हिरकणी कडा उतरून बाळाकडे गेली, असं सांगतात. महाराजांनी साडीचोळी देऊन तिचा गौरव केला आणि लगेच त्या जागी बुरूज बांधायला घेतला! आपल्याकडे ती जागा म्हणजे न्हाणीची खिडकी. तिला आधी गज बसवा.

राहिला सर्वांत खात्रीचा प्रकार: शेजारच्या काकू. बॅटरी लागत नाही, पावसात बिघडत नाहीत, परसात नारळ पडला तरी "कोन हाय रं?" येतंच. देखभालीचा खर्च म्हणजे दिवाळीला मिठाईचा पुडा आणि परसातले फणस. त्यांचा हिशेब मागू नये.

तरीही यंत्र घेणारच असाल, तर एक किल्ली काकूंकडे द्या आणि भोंगा बंद कसा करायचा ते तुम्ही आधी शिकून घ्या. नाहीतर गणपतीला पहाटेच्या एसटीनं उतरून दार उघडाल आणि अख्खी वाडी काठ्या घेऊन तुमच्याच अंगणात येईल.